नंबर लावला, पण पेशंट आलाच नाही

'वाचकांचे प्रश्न' या सदराकडे या वेळी एकाच विषयाची पत्रं सर्वांत जास्त आली: अपॉइंटमेंट घेऊन न येणारे पेशंट. डॉक्टरांनी लिहिलं, रिसेप्शनवर बसणाऱ्यांनी लिहिलं आणि एका पेशंटनंही लिहिलं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझी जनरल प्रॅक्टिस आहे. रोज तीन-चार जण न कळवता येत नाहीत. रिसेप्शनिस्टचं म्हणणं, लोकांना वेळेची किंमतच राहिली नाही. सुरुवात कुठून करू?

मोजण्यापासून. चार आठवडे कोणताही नियम बदलू नका. एक वही घ्या आणि दर अपॉइंटमेंटपुढे एवढंच लिहा: वेळ कधीची, ती किती दिवस आधी घेतली होती, पेशंट नवा की फॉलोअपचा, आणि काय झालं. 'काय झालं' या रकान्यात चारच शक्यता ठेवा: आला, उशिरा आला, कळवून रद्द केली, न कळवता आला नाही. बहुतेक ठिकाणी शेवटच्या दोन शक्यतांची खिचडी होते आणि मग आकड्याला काही अर्थ उरत नाही. ज्यानं आदल्या दिवशी फोन करून सांगितलं त्यानं तुम्हाला मदत केली आहे. त्याला दांडी मारणाऱ्यांत धरू नका.

हिशोब असा करायचा. चार आठवड्यांत ४८० वेळा दिल्या, ३० जणांनी आधी कळवलं आणि ५४ जण न कळवता आले नाहीत, तर ४५० मधले ५४, म्हणजे १२ टक्के. पण खरी माहिती या एका आकड्यात नसते. ५४ नावं समोर ठेवा आणि बघा, ती खरंच ५४ वेगळी माणसं आहेत का? तीच पाच-सहा नावं परत परत दिसत असतील, तर त्यांचा विचार वेगळा करायचा. मग अपॉइंटमेंट किती दिवस आधी घेतली होती तो रकाना बघा. उद्याची वेळ घेतलेला माणूस सहसा येतो; महिन्यानंतरची घेतलेला गळण्याची शक्यता जास्त. मधल्या काळात त्याला बरं वाटतं, दुसरीकडे दाखवून होतं, किंवा तारीख डोक्यातून जाते.

न आलेल्यांपैकी निदान वीस जणांना फोन करा. पहिलं वाक्य "का आला नाहीत?" असं नको. "आज तुमची वाट पाहत होतो, तब्येत ठीक आहे ना?" एवढं विचारलं की माणूस मोकळेपणानं बोलतो. विसरलो, रजा मिळाली नाही, आणायला कोणी नव्हतं, पैशांची सोय झाली नाही, रिपोर्टमध्ये काय निघेल याची भीती वाटली, दुसरीकडे अ‍ॅडमिट होतो, अशी कारणं निघतात. आणि एक कारण थेट दवाखान्याकडे बोट दाखवतं: "रद्द करायला फोन केला होता, पण लागलाच नाही." गर्दीच्या वेळी बाहेरच्या फोनवरून स्वतःच्या दवाखान्याचा नंबर तीनदा लावून पाहा. तिन्ही वेळा एंगेज लागला, तर बेपर्वाईचा आरोप मागे घ्यायला हवा.

प्रश्न: मी रिसेप्शनवर आहे. आम्ही सगळ्यांना आदल्या दिवशी मेसेज पाठवतो, तरी फरक पडत नाही. मेसेजचा उपयोग असतो का?

असतो. आठवण न करण्यापेक्षा मोबाइलवर मेसेज पाठवल्यानं येणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, आणि तो फोन करून आठवण देण्याच्या जवळपास बरोबरीनं काम करतो, असं उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या अहवालात दिसलं. फोनपेक्षा मेसेजला खर्चही कमी. फरक पडत नसेल, तर मेसेज कधी जातो, काय म्हणतो आणि कोणाकडे जातो, या तीन गोष्टी तपासा.

आधी वेळेचं. आदल्या संध्याकाळी गेलेल्या मेसेजला "जमणार नाही" असं उत्तर आलं, तर ती जागा भरायला तुमच्या हातात काहीच वेळ नसतो. आठवड्याहून जास्त आधी घेतलेल्या अपॉइंटमेंटला दोन मेसेज हवेत. तीन दिवस आधीचा मेसेज रद्द करणाऱ्यांसाठी, आदल्या दिवशीचा विसरणाऱ्यांसाठी.

मजकूर अनेकदा असा असतो: "आदरणीय रुग्ण, आपली नियोजित भेट निश्चित करण्यात आली आहे. कृपया वेळेवर उपस्थित राहावे." यात कोणती वेळ, कोणता वार, जमत नसेल तर काय करायचं, यातलं काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा:

"नमस्कार. उद्या बुधवारी, १२ तारखेला, सकाळी १०:४० ही वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे. येणार असाल तर १ पाठवा, जमणार नसेल तर २ पाठवा. २ पाठवलंत तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला देता येईल आणि तुम्हाला नवी तारीख कळवू."

वार आणि तारीख दोन्ही हवेत, कारण लोकांच्या लक्षात वार राहतो. सकाळ की संध्याकाळ ते शब्दात लिहा. नुसतं ६:०० लिहिलं की घोळ होतो. आजाराचं नाव, तपासणीचं नाव किंवा विभागाचं नाव मेसेजमध्ये कधीही घालू नका. फोन घरात कोणाच्याही हातात असतो. आणि २ असं उत्तर आलं की ते अर्ध्या तासात कोणीतरी वाचलंच पाहिजे. उत्तर मागायचं आणि बघायचं नाही, असं दोनदा झालं की पेशंट पुढच्या वेळी कळवत नाही.

शब्दांनी किती फरक पडतो याचं एक चांगलं उदाहरण लंडनमधल्या बार्ट्स हेल्थ या सरकारी रुग्णालय-समूहातलं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत नेहमीच्या मेसेजला न येणाऱ्यांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. न आल्यास आरोग्यव्यवस्थेचं नेमकं किती नुकसान होतं ती रक्कम लिहिलेल्या मेसेजला ते साडेआठ टक्क्यांपर्यंत उतरलं. खासगी दवाखान्यानं रकमेची नक्कल करू नये, कारण तिथे तेच वाक्य तक्रारीसारखं वाटतं. "दुसऱ्या पेशंटला देता येईल" हे वाक्य तिथे जास्त शोभतं.

आता कोणाकडे जातो ते. "नंबर तोच ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. "तुमचा नंबर सांगा" असं विचारा आणि कागदाशी ताडून पाहा. दर वेळी, जुन्या पेशंटलाही. वयस्कर पेशंटना आणतं कोण ते विचारा आणि त्यांच्या परवानगीनं त्या व्यक्तीचा नंबरही लिहून ठेवा. पुढची तारीख देताना कार्ड आणि पेन पेशंटच्या हातात द्या, तारीख-वेळ त्यांनाच लिहू दे. आपल्या हातानं लिहिलेली तारीख जास्त पाळली जाते. लिहिता येत नसेल तर त्यांच्याकडून एकदा मोठ्यानं वदवून घ्या.

प्रश्न: मी दंतवैद्य आहे. रूट कॅनालसाठी तासभर राखून ठेवतो आणि पेशंट येत नाही. दंड लावावा का?

दंड लावू नका. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड सुरू केला, तर उशिरा येणारे वाढले. दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीच्या पातळीवर आले नाहीत. आधी पालकांना संकोच वाटायचा. पैसे भरायला लागल्यावर उशीर ही विकत मिळणारी सोय झाली. दवाखान्यात आणखी एक धोका आहे: दंड थकलेला पेशंट परत येतच नाही, आणि तुमच्या बाबतीत तो दातात तात्पुरतं सिमेंट घेऊन फिरत असतो. ते झिजलं किंवा निघालं की लाळेतले जंतू आत शिरतात आणि साफ केलेली नळी पुन्हा दूषित होते. तिथे गमावलेला तास ही दुय्यम गोष्ट आहे.

पाऊण तासाहून मोठ्या कामासाठी अनामत मात्र चालते. ती बिलातून वळती व्हायला हवी, २४ तास आधी कळवल्यास परत किंवा पुढच्या तारखेला लागू व्हायला हवी, आणि हे सगळं वेळ देतानाच तोंडी आणि लेखी सांगितलेलं असावं. पहिली चूक माफ. दुखणं घेऊन आलेल्याकडून, साध्या फॉलोअपला आणि रोजच्या औषधांवर असलेल्या पेशंटकडून अनामत घेऊ नका. तुमच्या व्यवसायाच्या नियामक परिषदेचे आणि विमा योजनांचे नियम आधी पाहून घ्या. काही योजनांत पेशंटकडून असे पैसे घेता येत नाहीत.

प्रश्न: पंधरा टक्के पेशंट येत नाहीत, म्हणून वीस जागांना तेवीस नावं घेतो. तरी काही दिवशी वेटिंग रूम तुंबते. चुकतं कुठे?

सरासरी बरोबर आहे, पण पेशंट सरासरीनं येत नाहीत. प्रत्येकाची न येण्याची शक्यता १५ टक्के धरली आणि २० जागांना २३ नावं घेतली, तर सुमारे दहापैकी तीन दिवशी वीसपेक्षा जास्त माणसं येतील. २२ नावं घेतली तर साधारण सात दिवसांतून एकदा. २१ घेतली तर तीसेक दिवसांतून एकदा. म्हणजे तिसरं जादा नाव घेतल्यावर तुंबण्याचे दिवस दुपटीहून वाढतात. आमचा सल्ला: वीस जागांना एक, फार तर दोन जादा.

ती जादा नावं कुठे बसवता हेही महत्त्वाचं. नॉर्मन बेली आणि वेल्च यांनी १९५२ मध्ये बाह्यरुग्ण विभागांसाठी सुचवलेली पद्धत आजही उपयोगी आहे: पहिल्या वेळेला दोघांना बोलवा, नंतर सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला. पहिला आला नाही तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत, आणि दोघंही आले तर हळूहळू निस्तरता येतं. जादा नाव शेवटच्या तासात घातलं तर निस्तरायला पुढे वेळच नसतो. दोन नव्या पेशंटना एकाच वेळी कधीही बोलावू नका. ब्लडप्रेशर बघायला आलेला आणि नवा पेशंट, अशी जोडी चालते.

पण जादा नावं घेण्यापेक्षा दोन गोष्टी आधी करून बघा. एक, आयत्या वेळची यादी. वेळ देतानाच विचारा, "मधेच जागा झाली तर कळवू का? किती वेळात पोचाल?" अर्ध्या तासात येऊ शकणाऱ्या दहा-बारा जणांची नावं टेबलावर असली की रद्द झालेली वेळ वाया जात नाही. दोन, तारखाच जवळ आणा. अमेरिकेत मार्क मरे आणि कॅथरीन टँटो यांनी २००० च्या सुमारास मांडलेला विचार असा की दिवसाच्या बऱ्याच जागा मोकळ्या ठेवायच्या आणि आजचं काम आजच करायचं. एकदम एवढं जमणार नाही. रोजच्या चार-पाच जागा त्याच दिवशी फोन करणाऱ्यांसाठी ठेवून सुरुवात करा. त्या जागा कशा निघणार, तर फॉलोअप तपासून. रिपोर्ट नॉर्मल आला हे सांगायला तीन आठवड्यांनी बोलावलेले किती आहेत ते मोजा. ते काम फोनवर होतं. मात्र "फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट चांगला" असं पेशंटला कधीही सांगू नका. नॉर्मल असला तरी कळवायचंच.

प्रश्न: मी फिजिशियन आहे. न आलेल्या पेशंटच्या मागे किती लागायचं? प्रत्येकाला फोन करणं शक्य नाही, आणि सोडून दिलं तर धाकधूक राहते.

धाकधूक रास्त आहे, आणि या सगळ्या पत्रांत आम्हाला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला.

रोज ओपीडी संपली की न आलेल्यांची यादी केसपेपरसह डॉक्टरांच्या टेबलावर यायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते डॉक्टरांचंच. अमुक एकाचा बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे आणि तो अजून त्याला माहीत नाही, हे रिसेप्शनवरून दिसत नाही. प्रत्येक नावापुढे खूण करा: आज फोन, या आठवड्यात फोन, किंवा नुसता मेसेज.

'आज फोन' मध्ये हे येतात: ज्यांचा गंभीर रिपोर्ट सांगायचा राहिला आहे, रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी घेणारे आणि रक्ततपासणी चुकलेले, टीबीच्या उपचारात खंड पडलेले, कारण त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, गरोदर स्त्रिया, वजन बघायला बोलावलेली नवजात बाळं, नुकतंच ऑपरेशन झालेले, आणि जीव नकोसा झाल्याचं मागच्या वेळी बोललेला कोणीही. कुत्रा चावल्यानंतरच्या लसीचे डोस ०, ३, ७ आणि पुढे पद्धतीनुसार १४, २८ असे दिवस धरून असतात. यातला एक चुकला तर त्याच दिवशी फोन हवा. पेशंटला वाटतं की आता सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल, म्हणून तो येतच नाही. त्याला सांगा की सहसा राहिलेला डोस घेऊन पुढचं वेळापत्रक सरकवता येतं, पण आजच या.

'या आठवड्यात' मध्ये मधुमेह, ब्लडप्रेशर, थायरॉइडचे पेशंट, ज्यांची औषधं संपत आली असतील. टाके काढायला न आलेलेही इथेच, पण जागा बघून: चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत निघायला हवेत, नाहीतर टाक्यांचे वण उमटतात. सांध्यावरचे दहा ते चौदा दिवस राहतात, तिथे एखादा दिवस चालतो.

फोनची पद्धत ठरवून टाका. एक सकाळी, एक संध्याकाळी, म्हणजे दोन वेगळ्या वेळी. लागला नाही तर पेशंटनं दिलेला दुसरा नंबर. तोही नाही तर लेखी निरोप: "तुमच्याशी तब्येतीविषयी बोलायचं आहे, या आठवड्यात दवाखान्याशी संपर्क करा." फोन घरच्यांनी उचलला तर "फोन करायला सांगा" एवढंच. आजार, रिपोर्ट, काही नाही. पेशंटची परवानगी नोंदलेली असेल तरच पुढे बोलायचं. जीव नकोसा झाल्याचं बोललेला पेशंट मात्र लेखी निरोपावर सोडू नका. तो सापडत नसेल तर घरच्यांशी त्याच दिवशी बोला. जीव धोक्यात असताना तेवढं बोलणं गोपनीयतेच्या आड येत नाही.

आणि केसपेपरवर लिहा. "पेशंट आला नाही" एवढं पुरत नाही. "१४ तारीख, आला नाही. ११:२० फोन, उचलला नाही. ६:४० फोन, बोलणं झालं, १६ ला सकाळी येतो म्हणाला, गोळ्या चार दिवसांच्या शिल्लक." ही ओळ पुढच्या तपासणीला उपयोगी पडते आणि उद्या तक्रार झाली तर तुमच्या बाजूनं उभी राहते.

मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. मूल स्वतः अपॉइंटमेंट चुकवत नाही. ब्रिटनमध्ये म्हणूनच लहान मुलांच्या बाबतीत 'आला नाही' ऐवजी 'आणलं गेलं नाही' असं नोंदवायची पद्धत रुजली. शब्द बदलला की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: का आणलं नाही? दोनदा असं झालं तर घरात काय चाललं आहे याची चौकशी करणं हे बालरोगतज्ज्ञाचं काम आहे.

प्रश्न: वीस मिनिटांच्या सेशनला बारा मिनिटं उशिरा आलेल्या पेशंटचं काय करायचं? (फिजिओथेरपिस्ट)

परत पाठवू नका. अर्ध्यापेक्षा जास्त वेळ उरला असेल तर उरलेल्या वेळेत होईल तेवढं करा, नाहीतर शेवटी थांबायला सांगा. वेळेवर आलेल्याला मात्र मागे ढकलू नका. पाटीवर नियम लावा आणि तुमचा स्वतःचा उशीरही त्याच पाटीशेजारी लिहा: "आज २५ मिनिटं मागे आहोत." दर वेळी तासभर ताटकळणारे पेशंट पुढे तासभर उशिराच येऊ लागतात.

प्रश्न: एकच बाई तीनदा आल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, यापुढे नंबर देऊ नका. मला ते बरं वाटत नाही. (रिसेप्शनिस्ट)

तुम्हाला बरं वाटत नाही ते योग्य आहे, आणि डॉक्टरांना हे दाखवायला हरकत नाही. आधी नंबर आणि नाव बरोबर आहे का ते पाहा. एकसारख्या नावांच्या दोन पेशंटमध्ये मेसेज भलतीकडेच जातात. मग बाईंशी बोला: कोणती वेळ जमते, आणतं कोण, ऐकू नीट येतं का. पूर्वी वेळेवर येणारा माणूस अलीकडे तारखा विसरू लागला असेल, तर ते स्मृतिभ्रंशाचं किंवा नैराश्याचं पहिलं लक्षण असू शकतं. ते सर्वांत आधी फोन करणाऱ्याच्या लक्षात येतं, म्हणून डॉक्टरांना सांगा.

अशा पेशंटना आगाऊ वेळ देऊ नका, ओपीडीच्या शेवटी येऊन बसायची मुभा द्या. रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी करा. एवढं करूनही संबंध थांबवायचाच असेल, तर तो निर्णय डॉक्टरांनी लेखी कळवायचा, दुसरी सोय होईपर्यंत चालू औषधांची व्यवस्था करायची आणि तातडीच्या वेळी दार उघडं ठेवायचं. काउंटरवरून चारचौघांत हे सांगायचं काम तुमच्यावर टाकलं जाऊ नये.

प्रश्न: मी स्वतः पेशंट आहे. ब्लडप्रेशरची तारीख दोन महिन्यांपूर्वी चुकली. आता गेलो तर बोलणी बसतील असं वाटतं.

फोन करा आणि एवढंच सांगा: "माझी तारीख चुकली होती, नवी वेळ हवी आहे, गोळ्या इतक्या दिवसांच्या उरल्या आहेत." कारण सांगायची गरज नाही. उरलेल्या गोळ्यांचा आकडा मात्र नक्की सांगा, त्यावरून रिसेप्शनला घाई कळते. गोळ्या संपल्या असतील तर तेही सांगा आणि त्याच दिवशीची वेळ मागा. काही ब्लडप्रेशरच्या गोळ्या एकदम थांबल्या तर दाब अचानक उसळतो. जाईपर्यंत राहून गेलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट घेऊ नका. डोकं फार दुखणं, छातीत दुखणं, नजर अंधूक होणं किंवा बोलताना जीभ जड होणं यातलं काही असेल, तर वेळ मागत बसू नका, थेट इमर्जन्सी असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा. आणि जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर ठेवा.